पुढच्या पिढीची हरकत

दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोड नावाचं छोटं स्थानक आहे. तिथे उतरून थोडं फिरलं, तरी नावडे हे एकच नाव किती वेगवेगळ्या जगांना लागतं ते कळतं. एक नावडे म्हणजे जुनं आगरी गाव. गावठाणाच्या हद्दीत मावेनाशी झालेली, एकमेकांना चिकटून वर चढत गेलेली घरं. दुसरं नावडे म्हणजे सिडको या सरकारी महामंडळाने आखलेली वसाहत, जिथे पत्ता सेक्टर आणि भूखंड क्रमांकाने सांगतात. तिसरा नावडे फाटा. मुंब्रा-पनवेल महामार्गावरून तळोजा औद्योगिक वसाहतीकडे जाणारे टँकर आणि ट्रेलर तिथे वळतात. शेजारच्या पेंधरला १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून मेट्रो येते.

यातली प्रत्येक वस्ती कुठल्या तरी मागच्या पिढीच्या निर्णयातून उभी राहिली आहे. जमीन घ्यायची हा एक निर्णय. रासायनिक कारखाने इथेच बसवायचे हा दुसरा. त्यांच्या वाऱ्याच्या टप्प्यात हजारो घरं बांधायची हा तिसरा. निर्णय घेणारे बदलले, खाती बदलली, सरकारं बदलली. ज्यांना त्या निर्णयांत पुढे आयुष्य काढायचं होतं ती माणसं मात्र निर्णयाच्या वेळी एकदाही खोलीत नव्हती. काहींना बोलावलंच नाही, काही लहान होती, बरीचशी जन्मायची होती.

पिढ्यांमधला न्याय हा विषय हल्ली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पोहोचला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘भावी पिढ्यांविषयीचा जाहीरनामा’ संमत झाला. पण या न्यायाचा अर्थ समजून घ्यायला नावडेइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. इथे तो सातबाऱ्यावर, नदीच्या पाण्यात आणि घराच्या कागदपत्रांत दिसतो. मला या लेखात एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. पुढच्या पिढीला न्याय भरपाईने मिळत नाही. निर्णय होतो त्या जागी तिच्या बाजूने बोलणारं कुणी तरी बसलं, तरच तो मिळतो.

शहराचं भांडवल

या भागातल्या शेतीचं स्वरूप आधी लक्षात घ्यायला हवं. खाडीलगतची खाजणं बांध घालून लागवडीखाली आणलेली, भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं पाणी सोडायला उघाड्या. असा बांध एका पिढीने बांधला की काम संपत नाही. तो दरवर्षी बघावा लागतो, फुटला तर साऱ्या गावाने धावून जावं लागतं. आजोबांनी राखला म्हणून नातवाला भात पिकवता येतो. पुढच्यासाठी राखायची ही शिस्त इथल्या गावकीच्या हाडात होती. पर्यावरणाच्या परिषदांमधून ती इथे आलेली नाही.

१९६० च्या दशकाच्या मध्याला चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. हे शहर, म्हणजे नवी मुंबई, उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरलं. शहर उभारायचा पैसा कुठून येणार, याचं उत्तर जमिनीतच होतं. शेतजमीन शेतीच्या भावाने संपादित करायची, रस्ते-पाणी-गटारं करून तिचे भूखंड चढ्या भावाने विकायचे आणि त्या पैशातून पुढचं काम करायचं. सरकारी तिजोरीवर फारसा भार न टाकता शहर उभं राहिलं, याचं कौतुक नगररचनेच्या अभ्यासकांनी केलं आहे. पण त्या शहराचं भांडवल म्हणजे खातेदाराची जमीन होती, आणि जमिनीची पुढे वाढणारी किंमत ज्याच्याकडून घेतली त्याच्या वारसांच्या वाट्याला येणार नव्हती.

त्यावेळचा भूसंपादन कायदा १८९४ चा. त्यात हरकत घेता येत होती, पण ती जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीलाच. कुळाला आपला हक्क सिद्ध करावा लागे. शेतमजुराला, मिठागरात राबणाऱ्याला, खाडीत जाळं टाकणाऱ्याला कायद्याच्या दृष्टीने बोलण्याचं कारणच नव्हतं. खातेदाराच्या घरात खेळणाऱ्या मुलांचा तर प्रश्नच नाही.

ज्यांना कायद्याने ऐकलं नाही ते रस्त्यावर उतरले. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत द्यायचा, हे तत्त्व १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी अमलात आलं. विकासाच्या वाढत्या किमतीत शेतकऱ्याचाही वाटा असतो, हे त्यातून मान्य झालं. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी हाच वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. देशातल्या जमीनधारकांना या लढ्याने वाट दाखवली, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

एका खात्याचा हिशेब

तरीही गावात आज समाधान नाही. त्यामागे आकडेमोडीचं साधं कारण आहे.

उदाहरणादाखल एक खातं घेऊ. आजोबांची एक हेक्टर जमीन गेली, म्हणजे दहा हजार चौरस मीटर. साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटर झाले. त्यातून मूळ क्षेत्राच्या पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, म्हणजे ३७५ चौरस मीटर. हाती उरले ८७५. आजोबांना दोन मुलगे, दोन मुली. चौघांना प्रत्येकी तीन मुलं. बारा नातवंडांत वाटणी केली तर माणशी ७३ चौरस मीटरही येत नाहीत. भूखंड मिळायला उशीर झाला असेल, तर मूळ खातेदार वारलेला असतो. मग वारस दाखला, मग भावाबहिणींच्या सह्या, मग हक्कसोडपत्र. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरचा हक्क दिला. तरी बहिणीने सही करून मोकळं व्हावं ही अपेक्षा घरोघरी टिकून आहे. अनेक कुटुंबांनी सिडको आणि बिल्डर यांच्याबरोबर त्रिपक्षीय करार करून भूखंड देऊन टाकला, कारण एवढ्या तुकड्यात बारा जणांनी करायचं काय, याला दुसरं उत्तर नव्हतं.

भूखंड एकदाच मिळतो. कुटुंब दर पिढीला वाढतं. शेत पिढ्यान्‌पिढ्या धान्य देतं. भरपाई मात्र ज्या पिढीच्या हातात पडते, तिच्याच आयुष्यात बहुधा संपते. योजना आखताना दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचा हिशेब कुणी मांडला असता, तर हे १९९० मध्येही दिसलं असतं.

गावठाणाचीही तीच गोष्ट. घरातली माणसं वाढली, गावठाणाची हद्द जागच्या जागी राहिली. महसूल कायद्यात गावठाण विस्ताराची वाट आहे, पण भोवतालची सगळी जमीन शहरासाठी संपादित झालेली. मग मुलाच्या लग्नाआधी घरामागे खोली निघाली, भावासाठी वर मजला चढला. या बांधकामांना इथे सगळे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, आणि शासनाच्या कागदांतही हाच शब्द आला आहे. ही घरं नियमित करण्यासाठी मोर्चे निघाले, शासन निर्णय निघाले, २०२२ च्या निर्णयाने गावठाणाभोवतीच्या ठरावीक अंतरातल्या घरांचा विचार केला. पण हे सारं घरं उभी राहिल्यानंतरचं. नातवंडं होणार आणि त्यांना छप्पर लागणार, ही गोष्ट १९७० मध्ये कुणालाही सांगता आली असती.

वसाहतीत राहायला आलेल्यांची पिढी वेगळी, पण दुखणं तेच. त्यांनी कर्ज काढून घेतलेलं घर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, मूळ मुदत ६० वर्षं. म्हणजे घेणाऱ्याची मुलं म्हातारी होण्याच्या सुमारास प्रश्न उभा राहणार. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, नावडेसह २९ गावं तिच्यात आली, आणि काही वर्षांनी त्या तारखेपासूनचा मालमत्ता कर एकदम मागण्यात आला. सिडकोला सेवाशुल्क दिलेलं असताना दुहेरी भार का, म्हणून रहिवासी उच्च न्यायालयापर्यंत गेले. गावातला भूमिपुत्र आणि सेक्टरमधला फ्लॅटधारक एकमेकांकडे परका म्हणून बघत असतील, पण एका मुद्द्यावर दोघांची परिस्थिती सारखी आहे. निर्णय त्यांच्यावर येऊन आदळतात.

कासाडीचं पाणी

पैशाची आणि जमिनीची भरपाई अपुरी तरी मोजता येते. नदीची भरपाई मोजणं अवघड आहे.

कासाडी नदी तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहत जाऊन खाडीला मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि त्यांची छायाचित्रं जगभर पोहोचली. रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या द्रव्याने त्यांचं अंग निळं झालं होतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. पण कुत्र्यांचा रंग निळा होण्याच्या कितीतरी आधीपासून खाडीतले मासे कमी होत गेल्याचं कोळी-आगरी मच्छीमार सांगत होते. त्याच वर्षी हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, तेही मच्छीमार समाजातल्या माणसाच्या पुढाकाराने. रात्री उग्र वास सुटतो, ही तक्रार नावडे, तळोजा, कळंबोली आणि खारघरचे रहिवासी वर्षानुवर्षं करत आले आहेत.

इथे लोकांना विचारण्याची सोय कायद्यात होती का? पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी सांगते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, प्रदूषण मंडळाचा अधिकारी, समोर गावकरी, मराठीत बोलणं आणि बोललेलं इतिवृत्तात लिहिणं. पण त्याच अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींमधल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. तर्क असा, की वसाहतीची जागा आधीच ठरलेली आहे, मग प्रत्येक कारखान्यासाठी पुन्हा लोकांना काय विचारायचं? तळोज्याची जागा ठरली त्या काळी अशी जनसुनावणी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे तेव्हा विचारलं नाही कारण तरतूद नव्हती, आणि आता विचारायचं नाही कारण ते तेव्हाच ठरलेलं आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली.

नदीच्या तळाला साचलेला गाळ हे कर्जच आहे. ज्या वर्षांत कारखान्यांचा नफा झाला, त्या वर्षांचा साफसफाईचा खर्च वाचवला गेला, आणि तो फेडायची जबाबदारी तेव्हा न जन्मलेल्यांवर ढकलली गेली.

सूचना आणि हरकती

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. शहराचा विकास आराखडा कसा करायचा हे तो ठरवतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे लोकांकडून सूचना आणि हरकती मागवायच्या. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीने त्या ऐकायच्या. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. कलम ३८ प्रमाणे आराखड्याचा किमान २० वर्षांतून एकदा फेरविचार व्हायला हवा.

ही सोय नुसती कागदी नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या प्रारूप विकास आराखड्यावर ६० हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा नव्याने करायला सांगावा लागला. लोकांनी नकाशे उघडून बघितले, आपल्या गल्लीतली बाग, वारसा इमारत, शाळा शोधली आणि चुका दाखवल्या. त्यांच्या हाती दुसरं काहीही नव्हतं, तरी एवढं झालं.

पण हरकत कोण घेतं, हे एखाद्या सुनावणीत बसून बघण्यासारखं असतं. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो येतो. ज्याच्या इमारतीतून रस्ता जाणार आहे तो येतो. त्यांचं येणं रास्तच आहे. मात्र ज्या मैदानावर दहा वर्षांनी खेळायचं आहे, त्या मैदानासाठी कुणी येत नाही. आणि मैदान सुरक्षित नसतंच. कलम १२७ सांगतं, की आरक्षण पडून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतरच्या मुदतीतही पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. जमीनमालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्यायाची आहे. कुणाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवू नये. पण आरक्षण गेलं की मुलांचं मैदान गेलं, आणि त्या बाजूने नोटीस देणारं कायद्यात कुणीच नाही.

निवडून आलेले प्रतिनिधी हे काम करतील अशी अपेक्षा असते. पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये झाली, ७८ नगरसेवक निवडून आले. त्यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. पुढचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली साडेतीन वर्षं प्रशासकाची. वेगाने वाढणाऱ्या शहराचे मोठे निर्णय या काळात लोकप्रतिनिधींशिवाय झाले. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या सगळ्या मतदारांची सभा, गावच्या ग्रामसभेसारखी. ती तरतूद बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच राहिली. नावडे ग्रामपंचायतीत असताना गावाला निदान ग्रामसभा होती. महापालिका झाली, ग्रामसभा गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही.

पेणची मतपेटी

लोकांना खरोखर विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण याच रायगड जिल्ह्यात आहे. रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली जमीन घ्यायचं ठरलं. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि स्थानिक संघटनांनी मोठा विरोध उभा केला. पेण तालुक्यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती. कालव्याचं पाणी मिळालं तर तिथे दुबार पीक शक्य होतं. अखेर सरकारने २१ सप्टेंबर २००८ रोजी या २२ गावांत जनमत चाचणी घेतली. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. शेतकरी बायका-पुरुष रांगेत उभे राहिले आणि बहुसंख्यांनी नकार नोंदवला. पुढे ही भूसंपादन प्रक्रिया मुदत उलटल्याने संपुष्टात आली.

त्या रांगेतल्या माणसांना विकासाचा तिटकारा होता असं समजणं चूक ठरेल. पनवेल-उरणच्या आपल्या नातेवाइकांकडे त्यांचं जाणं-येणं होतं. जमीन गेल्यावर तिसऱ्या पिढीचं काय होतं, हे त्यांनी सोयरिकीतून पाहिलं होतं. नावडेसारख्या गावांचा अनुभव त्यांच्या मतापर्यंत पोहोचला, म्हणून ते मत शहाणं होतं. त्याच हेटवणे धरणाचं पाणी आज सिडकोच्या शहराला पुरवलं जातं, आणि लाभक्षेत्रातले शेतकरी आपल्या वाट्याचं पाणी मागतच आहेत. शहराला पाणी हवंच. पण शहरातल्या मुलांची तहान आणि पेणच्या मुलांची शेती यांचा हिशेब एका टेबलावर बसून कधी झाला नाही.

पेणच्या चाचणीतही एक उणीव होती. मत खातेदारांचं होतं. भूमिहीन, कातकरी, तरुण मुलं-मुली तिथेही बाहेरच होती. शिवाय मतपत्रिकेवर फक्त होय किंवा नाही लिहिता येतं. कुठल्या अटींवर, किती, पुढच्यांसाठी काय राखून, हे लिहायला तिच्यावर जागा नसते. त्यासाठी बसून बोलावं लागतं.

राखून ठेवायची रीत

बसून बोलायची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले. आधी माहिती गोळा करायची, जाणकारांना बोलवायचं, समजून घ्यायचं, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबवायचा आणि पुन्हा बोलायचं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी, किती आणि कुठला तोडायचा हे गाव ठरवू लागलं. बहुमताने घाईने ठरवलं तर आजच्या गरजेचा विजय होण्याची शक्यता मोठी. सर्वसहमतीत वेळ लागतो, आणि त्या वेळात उद्याचा विचार आत येतो.

गोव्यात हेच तत्त्व न्यायालयाच्या वाटेने आलं. बेसुमार खनिज उत्खननाविरुद्ध गोवा फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टन उत्खननाची मर्यादा घातली आणि विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. खनिज एकदा काढलं की संपलं, म्हणून त्याची किंमत आजच्या पिढीने एकटीने खाऊन टाकू नये, असा त्यामागचा विचार. हा निधी नागरिकांनी झगडून मिळवला, हे विसरता येणार नाही.

जपानमधल्या इवाते प्रांतात याहाबा हे गाव आहे, वस्ती सुमारे २७ हजार. २०१५ मध्ये तिथे अर्थतज्ज्ञ तात्सुयोशी साइजो यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रयोग झाला. रहिवाशांचे गट केले. काही गटांनी आजचे नागरिक म्हणून बोलायचं, काहींनी २०६० सालचे. आजच्या गटांचं लक्ष सध्याच्या अडचणींवर राहिलं. २०६० च्या गटांनी जुन्या नळवाहिन्या बदलायला पैसा लागेल हे ओळखून पाणीपट्टी वाढवण्याच्या बाजूने मत दिलं, आणि नगरपालिकेने पुढे दर वाढवलेही. स्वतःवरचा कर वाढवून मागणारे नागरिक कुठल्याही राजकारण्याला अशक्य वाटतील. त्या माणसांचा स्वभाव एका दुपारीत बदलला नव्हता. त्यांना फक्त वेगळ्या जागी बसवलं होतं.

वेल्समध्ये कायदा करण्याआधी २०१४ मध्ये देशभर लोकांशी संवाद झाला, पुढच्यांसाठी कसा वेल्स मागे ठेवायचा यावर. त्यातून २०१५ चा भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा आला आणि त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. न्यूपोर्टजवळच्या एम-४ महामार्गाला पर्यायी रस्ता करण्याच्या योजनेवर आयुक्त सोफी हाउ यांनी याच कायद्याच्या आधारे हरकत घेतली होती, आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारने ती योजना सोडून दिली.

आधी थकबाकी

हे सगळं नावडेत सांगायला गेलं तर पहिला प्रश्न रास्तपणे येईल: आमचाच न्याय बाकी असताना पुढच्यांचं काय सांगता? ज्याचं गरजेपोटी बांधलेलं घर कागदावर अजून अनधिकृत आहे, ज्याच्या भूखंडाची फाइल वारसांच्या वादात अडकली आहे, त्याला २०६० सालचा विचार कर असं सांगणं क्रूरपणाचं होईल. भावी पिढ्यांचं नाव घेऊन आजच्या वंचितांकडून त्याग मागणं, हा या विषयातला सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणून क्रम स्पष्ट हवा. साडेबारा टक्क्यांची राहिलेली प्रकरणं आणि घरांचे हक्क हे जुनं देणं आहे, ते आधी फेडायचं. पिढ्यांमधला न्याय मागच्या पिढ्यांनाही लागू असतो. आजोबांवर झालेला अन्याय मिटवल्याशिवाय नातवाला विश्वासाने बसवता येणार नाही.

दुसरा आक्षेप येतो तो कामं रखडण्याचा. लोकांना विचारत बसलं तर शहर कधी होणार? त्याला इथल्याच तारखा उत्तर देतात. बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन १ मे २०११ रोजी झालं, गाडी धावली २०२३ च्या नोव्हेंबरात. ती साडेबारा वर्षं लोकांना विचारण्यात गेली नव्हती.

मग करायचं काय? मला चार गोष्टी शक्य दिसतात, आणि बहुतेकांना नवा कायदाही लागणार नाही.

पहिली, क्षेत्रसभा प्रत्यक्षात बोलवाव्यात. नवे नगरसेवक आलेच आहेत. त्यांनी सुरुवात नावडेसारख्या, गाव आणि वसाहत एकत्र असलेल्या प्रभागातून करावी. गावकरी आणि फ्लॅटधारक एका सभेत बसतील, हीच मोठी गोष्ट असेल.

दुसरी, सोडत. नवी मुंबईच्या लोकांना सोडत समजावून सांगावी लागत नाही. २०१८ मध्ये सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरीतल्या १४,८३८ घरांसाठी सोडत काढली होती. अर्ज करायचा, चिठ्ठी निघेल त्याला घर, यावर लोकांचा विश्वास आहे. त्याच पद्धतीने मोठ्या निर्णयांसाठी नागरिकांचा गट निवडावा. मतदारयादीतून काही, भाडेकरूंमधून काही, मूळ गावकऱ्यांतून काही, आणि परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांतून पंधरा ते पंचवीस वयाचे काही. त्यांना तज्ज्ञ आणि अधिकारी समजावून सांगतील, ते प्रश्न विचारतील, आणि गटातल्या काही जणांवर याहाबासारखी पुढच्या पिढीच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी असेल. आराखड्यात काय हवं ते अठरा वर्षांखालच्यांना मत नसलं तरी सांगता येतंच. हरकत घ्यायला वयाची अट कायद्यात घातलेली नाही.

तिसरी, कासाडीचा निधी. प्रदूषणापोटी वसूल होणारी रक्कम याच नदीसाठी वेगळी राहावी, गोव्याच्या निधीसारखी मूळ रक्कम राखून ठेवावी, आणि निधीचा जमाखर्च दरवर्षी मच्छीमार आणि रहिवाशांपुढे मांडावा. औद्योगिक वसाहतीतल्या नव्या आणि विस्तारणाऱ्या रासायनिक प्रकल्पांसाठी सूट असली तरी सुनावणी घ्यायला कुणी मनाई केलेली नाही. महापालिका आपल्या सभागृहात ती घेऊ शकते.

चौथी, गावठाणाचा दर दहा वर्षांनी हिशेब. घरं किती, कुटुंबं किती, पुढच्या दहा वर्षांत लग्नं किती होतील, जागा किती लागेल. खाजणाच्या बांधाची पाहणी दरवर्षी होत असे, तर माणसांच्या घरांची दहा वर्षांतून एकदा करायला काय हरकत आहे?

विकास आराखडा २० वर्षांचा असतो. आज तिसरीत शिकणारी मुलगी तो संपताना अठ्ठावीस वर्षांची असेल. तिचं घर, तिची नोकरी, तिच्या मुलांचं मैदान आणि तिच्या घरावरून वाहणारी हवा त्या नकाशात ठरते, आणि त्या नकाशाबद्दल तिला कुणी एक शब्दही विचारत नाही. तिच्या आजोबांना १९७० मध्ये नोटीस तरी आली होती. तिला तीही येत नाही. सूचना-हरकतींच्या पुढच्या जाहीर नोटिशीत तिच्यासाठी एक ओळ असली पाहिजे, सुनावणीच्या टेबलाशी तिच्यासाठी एक खुर्ची असली पाहिजे, आणि तिने मांडलेल्या हरकतीला समितीने लेखी उत्तर दिलं पाहिजे. एवढं मागायला नावडेचा अधिकार इतर कुठल्याही गावापेक्षा मोठा आहे. न विचारता ठरवलेल्या गोष्टींची किंमत या गावाने तीन पिढ्या मोजली आहे.